साधना की विवेक? वाचनालयाच्या टेबलावर कुठल्या बाजूचं काय ठेवायचं

किल्लीवाली (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय. थोडी तणतणही आहे, ती सोसा.

आमच्या तालुक्याच्या गावी शासनमान्य 'ब' वर्ग वाचनालय आहे. मी तिथे सहा वर्षं चिटणीस, म्हणजे हिशोब, किल्ली आणि जाताना पंखे बंद करणे हे सगळं माझ्याकडे. परवा कार्यकारिणीच्या बैठकीत नियतकालिकांच्या यादीवरून पाऊण तास वाजलं. अनुदानाचा हप्ता लांबलाय, त्यामुळे काही नावं गाळायची होती. त्यात दोन साप्ताहिकं, समाजवादी विचाराची साधना आणि संघविचाराचा विवेक. एक सभासद म्हणाले, "साधना बंद करा, एकांगी आहे." समोरच्या ताई म्हणाल्या, "मग विवेक तरी कुठे दोन अंगी आहे? तोही बंद करा." तिसऱ्यांनी तोडगा काढला की राजकारणच नको, दोन्ही बंद, त्या पैशात एक पाककृतींचं आणि एक राशिभविष्याचं मासिक येईल. टाळ्या पडायच्याच बाकी होत्या. मी "कोरम नाही" म्हणून विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. (कोरम होता. इतिवृत्त मीच लिहिते.)

घरी आल्यावर एक गोष्ट टोचत राहिली. टेबलावर सहा दैनिकं येतात, ती बंद करा असं कुणी म्हणालं नाही. ती कुठल्या बाजूची आहेत हेही कुणी विचारलं नाही. मग एकांगी फक्त साप्ताहिकंच असतात का?

---

पाणउतारा

राशिभविष्य तरी कुठे निष्पक्ष? दर महिन्याला कन्या राशीवर अन्याय.

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

जुनीपेठ

ताई, मराठीत मतपत्र म्हणजे बाजू घेणारंच पत्र. ती आपली जुनी रीत आहे. टिळकांनी केसरी काढला तो काही 'दोन्ही बाजूंचं थोडं थोडं' छापायला नव्हे. आगरकरांना ती बाजू मान्य होईना तेव्हा त्यांनी स्वतःचं पत्र काढलं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावर केसरी विरोधात आणि सुधारक बाजूने. पुण्यातल्या लोकांनी आगरकर हयात असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. पण वाचकाला कोण कुठे उभा आहे ते स्वच्छ दिसत होतं. हल्ली सगळे 'आम्ही मधे' म्हणतात आणि मधे बसून एकीकडे कलतात, त्याचा वैताग जास्त.

---

मोडीवाचक

जुनीपेठ, छोटी दुरुस्ती. ४ जानेवारी १८८१ ला केसरी निघाला तेव्हा संपादक आगरकरच होते, टिळकांकडे इंग्रजी मराठा होता. आगरकर १८८७ मध्ये बाहेर पडले आणि १८८८ मध्ये सुधारक निघाला. म्हणजे तुम्ही म्हणता ते भांडण एकाच छपराखाली बरीच वर्षं धुमसत होतं.

आणखी एक. दोघं मिळून डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले ते कशामुळे? कोल्हापूरच्या छत्रपतींचा छळ होतोय या कळवळ्यातून त्यांनी कारभारी बर्व्यांविरुद्ध छापलं. ज्या पत्रांच्या आधारावर छापलं ती बनावट निघाली. बाजू प्रामाणिक होती, कागद खोटा होता. 'कल' आणि 'चूक' या दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात, आपण भांडताना त्या एकत्र कालवतो.

---

सायंशाखा

मी विवेकचा वर्गणीदार आहे, वडिलांपासून. ते संघविचाराचं साप्ताहिक आहे हे मला माहीत आहे आणि संपादकांनी ते कधी लपवलेलं नाही. साधना १५ ऑगस्ट १९४८ ला साने गुरुजींनी काढली, समाजवादी विचाराची, तेही उघड आहे. दाभोलकर १९९८ पासून २०१३ मध्ये खून होईपर्यंत तिचे संपादक होते, त्यामुळे अंधश्रद्धेवर तिथे काय छापून येणार हेही ठाऊक. यात फसवणूक कुठे आहे? पाटी लावलेली खानावळ आहे. शाकाहारी लिहिलंय, आत जाऊन मटण मागू नये.

माझं मत: दोन्ही ठेवा. आणि आमच्यातल्या लोकांनी साधना वाचावी असं माझं जाहीर मत आहे, त्यावरून शिव्याही खाल्ल्यात.

---

वांगीभात

+१. 'आपल्या' बाजूचं वाचताना मान डोलते आणि दुसऱ्या बाजूचं वाचताना पेन्सिल हातात येते. मी साधनावाली. पेन्सिल घेऊन विवेक वाचते. खरं तर उलट करायला हवं.

---

निळीशाई

पाटी लावली की सगळं माफ, हे मला पटत नाही.

केसरीनेही पाटी लावलेलीच होती. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी मूकनायक काढलं, शाहू महाराजांच्या मदतीनं. त्याची जाहिरात केसरीकडे दिली, पैसे देऊन छापा म्हटलं, तरी छापली नाही. हे बाबासाहेबांनी स्वतः पुढे बहिष्कृत भारत या आपल्या पत्रात नोंदवून ठेवलंय. आता यात 'मत' कुठे आलं? अग्रलेख नाही, टीका नाही. एक साधी जाहिरात न छापणं, एवढंच. मूकनायकच्या पहिल्याच अंकात त्यांनी लिहिलं की मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रं विशिष्ट जातींचं हित पाहणारी आहेत आणि इतरांची त्यांना पर्वा नाही. माध्यमांच्या कलावर मराठीत याहून नेमकं निदान शंभर वर्षांत मी वाचलेलं नाही. त्यात टिळकांनी काय लिहिलं हा मुद्दाच नाही. काय लिहिलं जात नाही, हा मुद्दा आहे.

त्याआधी १८७७ मध्ये सत्यशोधक कृष्णराव भालेकरांना दीनबंधू काढावं लागलं तेही याचसाठी. पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी ते मुंबईत चालवलं. टिळक-आगरकर वाद म्हणजे मराठी पत्रकारितेच्या दोन बाजू, असं शाळेत शिकलो. त्या दोन बाजू एकाच वाड्याच्या होत्या हो. तिसरी बाजू वाड्याच्या बाहेर उभी होती.

किल्लीवाली, तुमच्या टेबलावर साधना नि विवेक दोन्ही ठेवलंत तरी तिसऱ्या बाजूचं काय ठेवताय?

---

जुनीपेठ

निळीशाई, हा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या प्रतिसादातलं 'वाचकाला स्वच्छ दिसत होतं' हे वाक्य मागे घेतो. कुठल्या वाचकाला, हे मी विचारलंच नव्हतं.

---

माजी_वार्ताहर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं. धागाकर्तीच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे असं वाटतं, म्हणून लांबलचक लिहितो.

मी अकरा वर्षं एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. दैनिकाचं नाव विचारू नका, अजून तिथे मित्र आहेत. मानधन इतकं की महिन्याचं पेट्रोल निघायचं नाही. खरी कमाई जाहिरातीवरच्या कमिशनची. वर्धापनदिनाची पुरवणी निघायची तेव्हा प्रत्येक वार्ताहराला टार्गेट. ते पुरं कोण करणार? साखर कारखाना, पतसंस्था, शिक्षणसंस्था, आणि वाढदिवस असलेला कुणीही पुढारी. म्हणजे सकाळी ज्याच्या दारात बातमी शोधायची, संध्याकाळी त्याच्याच दारात पावतीपुस्तक घेऊन उभं राहायचं. माणूस तोच, पिशवीही तीच.

एकदा एका पतसंस्थेसमोर ठेवीदार बसले. बाया होत्या, म्हातारे होते, एक जण मुलीच्या लग्नाची पत्रिका हातात घेऊन बसलेला. मी दीड पान हातानं लिहिलं, फॅक्स केलं. दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर तीन ओळी: 'ठेवीदारांचे निवेदन'. त्याच पानाच्या खालच्या अर्ध्या भागात त्याच चेअरमनच्या अभीष्टचिंतनाची रंगीत जाहिरात. ती जाहिरात मीच आणली होती, आठवड्यापूर्वी. कमिशन मिळालं, खाल्लं.

आता महत्त्वाचं सांगतो. ऑफिसातून मला एक फोन आला नाही. कुणी दम दिला नाही, 'असलं पाठवू नका' म्हणालं नाही. पण पुढच्या वेळी तसंच काही घडलं तेव्हा मी दीड पान लिहिलंच नाही. तीन ओळीच पाठवल्या. त्याच्या पुढच्या वेळी गेलोच नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, मीच शिकलो.

त्या दैनिकाचा अग्रलेख रोज लोकशाहीवर असायचा. छान असायचा. डावं-उजवं तपासणाऱ्याला त्यात काही सापडलं नसतं.

---

वांगीभात

काका... काय बोलावं कळत नाही.

---

पाणउतारा

पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

---

गोदाकाठ

माजी_वार्ताहर यांनी तालुक्याचं सांगितलं, मी राज्याचं सांगतो. २००९ ची विधानसभा निवडणूक आठवते? तेव्हा मी नांदेडला होतो. मुख्यमंत्री अशोक चव्हाण भोकरमधून उभे होते. वर्तमानपत्रांत रोज पानंच्या पानं 'अशोक पर्व', बातमी म्हणून. पुढे पत्रकार पी. साईनाथ यांनी द हिंदूत हिशोब मांडला: रंगीत मजकुराची ४७ पूर्ण पानं त्यांनी जमवली होती, आणि उमेदवाराच्या खर्चाच्या तपशिलात वर्तमानपत्री जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये. एकच स्तुतिलेख तीन स्पर्धक दैनिकांत, मजकूर शब्दशः तोच. ही तीन दैनिकं एकमेकांच्या बातम्यांची दखलही घेत नाहीत, बरं का.

पुरतं सांगायचं तर, निवडणूक आयोगानं २०१४ मध्ये चव्हाणांविरुद्ध दिलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच वर्षी रद्द केला. तेव्हा कायद्यानं ते दोषी नाहीत. पण वाचक म्हणून मला प्रश्न उमेदवाराचा नाहीच. शब्दशः तोच लेख तीन टेबलांवरून गेला आणि तीन उपसंपादकांपैकी एकालाही खटकला नाही, त्याचं काय?

असल्या पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, म्हणजे पेड न्यूजवर, प्रेस कौन्सिलनं दोघांची समिती नेमली, परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी. त्यांनी ७१ पानांचा अहवाल दिला, नावांसकट. कौन्सिलनं २०१० मध्ये त्याची पातळ आवृत्ती प्रसिद्ध केली. मूळ अहवाल २०११ मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं सांगितल्यावर खुला झाला. वर्तमानपत्रांबद्दलचा अहवाल, माहिती अधिकारातून काढावा लागला.

---

मोडीवाचक

आणि त्याच ठाकुरतांचं पुढे काय झालं तेही याच धाग्यात बसतं. ते ईपीडब्ल्यूचे (इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली) संपादक झाले. हे साप्ताहिक मुंबईचं, १९४९ मध्ये सचिन चौधरींनी इकॉनॉमिक वीकली म्हणून काढलेलं, १९६६ पासून आताच्या नावानं. डावीकडे झुकलेलं म्हणून ओळख. २०१७ मध्ये अदानी समूहाविषयीच्या लेखावरून कंपनीच्या वकिलांची नोटीस आली, विश्वस्तांनी लेख संकेतस्थळावरून उतरवायला लावला, ठाकुरतांनी राजीनामा दिला. साप्ताहिकाचा कल डावा होता म्हणून काही तो लेख बचावला नाही. नोटिशीपुढे कल टिकेलच असं नाही.

उलट उदाहरणही देतो, नाहीतर नुसतं रडगाणं होईल. आणीबाणीत मुंबईच्या फ्रीडम फर्स्ट या मासिकाचे ११ मजकूर सेन्सॉरनं अडवले. संपादक मिनू मसानी, स्वतंत्र पक्षाचे, समाजवाद्यांच्या दृष्टीनं पक्के उजवे. ते कोर्टात गेले आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडून जिंकले. भर आणीबाणीत! अंक हातात धरला तर अगदी बारीक चणीचं मासिक.

---

एडिसनकर

इकडून, म्हणजे न्यू जर्सीहून दोन पैसे. अमेरिकेत ऑलसाइड्ससारखी संकेतस्थळं आहेत, ती प्रत्येक माध्यमाला डावं, मधलं, उजवं असा शिक्का मारतात. किल्लीवालीताई, तसा तक्ता करून टेबलावर लावला तर?

मी वॉशिंग्टन पोस्टचा वर्गणीदार होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीत कुणालाच पाठिंबा द्यायचा नाही असं मालक बेझोस यांच्या सांगण्यावरून ठरलं. संपादकीय मंडळाचा कौल तयार होता म्हणतात. रागावून अडीच लाखांवर लोकांनी वर्गणी तोडली, त्यात मीही. नंतर वाटलं, मी शिक्षा कुणाला दिली? मालकाला ती रक्कम दिसणारही नाही. माझे पैसे ज्या बातमीदाराच्या पगारात जात होते, त्याला दिसेल.

---

पाणउतारा

एडिसनकर, तक्ता करा की. मग सामना कुठल्या खान्यात टाकता ते सांगा. २३ जानेवारी १९८८ ला निघाला, हिंदुत्वाचा. २०१४ नंतर सरकारात सहभागी राहून रोज सरकारवरच टीका. नोव्हेंबर २०१९ ते जून २०२२ काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबरच्या सरकारचा, हिंदुत्व न सोडता. संपादक कधी उद्धव, कधी रश्मी ठाकरे, पुन्हा उद्धव. डावं? उजवं? मधलं? खाना मोडेल.

आणि गंमत म्हणजे सामना मुखपत्र आहे हे शेंबड्या पोराला माहीत आहे, तरी सगळी चॅनेलं सकाळी सातला त्याचा अग्रलेख ब्रेकिंग न्यूज म्हणून वाचून दाखवतात. यात एकांगी कोण, वाचणारा की वाचून दाखवणारा?

---

गोदाकाठ

पाणउतारा पहिल्यांदाच कामाचं बोलले. अमेरिकेतला डावा-उजवा दोरा आपल्याकडे एकटा चालत नाही. आपल्याकडे विचारायला हवं: कारखान्याच्या बाजूचं की उसवाल्याच्या? मुंबई-पुण्याचं की मराठवाड्याचं? कुठल्या जातीच्या घरात येतं? आणि मालक कोण. सकाळ समूह प्रतापराव पवारांकडे, ते शरद पवारांचे बंधू. लोकमत दर्डांचा, विजय दर्डा काँग्रेसचे राज्यसभा खासदार होते, राजेंद्र दर्डा राज्यात मंत्री. यात गुपित काही नाही. म्हणून त्यातली प्रत्येक बातमी वाकडी असते असंही नाही, मी स्वतः दोन्ही वाचतो. पण वाचताना ते मनात असावं.

---

खिळाजुळारी

आमचा छापखाना होता, तीन पिढ्या. दोन बारीक टाइपातल्या गोष्टी सांगतो, वर्तमानपत्र वाचणारे सहसा त्या वाचत नाहीत.

पहिली: मार्चच्या सुरुवातीचा अंक काढून बघा. वर्षानुवर्षं त्यात कोपऱ्यात 'फॉर्म नं. ४ (नियम ८ पहा)' असा चौकोन छापला जायचा. प्रकाशन स्थळ, मुद्रक, प्रकाशक, संपादक, आणि शेवटी मालक, शिवाय एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागीदारांची नावं. आम्ही तो चौकोन सहा पॉइंटात बसवायचो, जागा वाचायला. जुनी फाईल असेल तर दहा वर्षांचे चौकोन शेजारी शेजारी ठेवा. मालक कधी बदलला ते कळेल, मग अग्रलेख कधी बदलला ते शोधायला सोपं जातं.

दुसरी: शेवटच्या पानाच्या तळाशी 'वृत्तनिवडीची जबाबदारी पीआरबी कायद्यानुसार' अमक्यावर, अशी ओळ असायची. तो १८६७ चा प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स कायदा आता गेला, २०२३ चा नवा आला. पण जुन्या कायद्यानं संपादक कुणाला म्हटलं होतं? जो मजकुराची निवड करतो त्याला. अग्रलेख लिहिणाऱ्याला नव्हे! निळीशाई यांनी सांगितलं तेच कायदा सांगत होता. काय घ्यायचं नि काय टाकायचं, तिथे संपादक बसतो.

आणि 'वाणिज्य प्रतिनिधी' असं वर लिहिलेल्या बातमीखाली किती पैसे असतात ते मी सांगत नाही. छपाईचं बिल त्यातूनच निघायचं आमचं.

---

सायंशाखा

माजी_वार्ताहर यांचं वाचून एक कबूल करतो. विवेकमध्ये मला न आवडणारं फारसं काही छापून येत नाही, आणि ते मला इतकी वर्षं गुणच वाटत आलं. पतसंस्थेच्या तीन ओळींसारख्या आमच्याकडेही कुठल्या तरी तीन ओळी होत असतीलच. त्या मला कशा दिसणार? मी आतला.

---

वांगीभात

साधनेबद्दल माझंही तेच. वर मी पेन्सिलीचं लिहिलं तेव्हा गंमत वाटली होती.

---

निळीशाई

दोघांनाही सलाम. पण माझा प्रश्न अजून तसाच आहे, ताई. तिसरं काय ठेवताय?

---

किल्लीवाली (धागाकर्ती)

उशीर झाला, वार्षिक अहवाल चालू होता.

काल बैठक झाली. खिळाजुळारींचं ऐकून मी आधी फायली काढल्या, मार्चच्या अंकांतले चौकोन कापून (झेरॉक्स हो, मूळ अंकाला कात्री लावलेली नाही) एका पुठ्ठ्यावर चिकटवले आणि बैठकीत मधे ठेवले. साधना बंद करा म्हणणारे सभासद बराच वेळ चष्मा वर-खाली करत बघत बसले. त्यातल्या एका दैनिकाचे ते तीस वर्षांचे वाचक आहेत, मालक बदलल्याचं त्यांना आत्ता कळलं. रागावले. माझ्यावरच रागावले.

ठराव असा: साधना आणि विवेक दोन्ही चालू. राशिभविष्य नाही. पाककृतींचं मासिक मात्र आणावं लागलं, त्याला बहुमत होतं आणि मीही हात वर केला. निळीशाई, तुमच्यासाठी 'परिवर्तनाचा वाटसरू' या नियतकालिकाची वर्गणी मंजूर करून घेतली. तुमच्या प्रश्नाचं ते पूर्ण उत्तर नाही हे मला कळतंय. तुम्ही आणखी नावं कळवा, पुढच्या बैठकीत मांडते. पुठ्ठा दैनिकांच्या टेबलाच्या वर लावला आहे. माजी_वार्ताहर काका, तुम्ही आमच्याकडे बोलायला याल का? जाण्यायेण्याचा खर्च देऊ, पावती लागेल.

तर एवढं सगळं करून आज सकाळी टेबल लावायला गेले. साधना नाही, विवेकही नाही. दोन्ही ताजे अंक गायब. नोंदवही पाहिली. एकच गृहस्थ दोन्ही घरी घेऊन गेलेत, अजून परत केलेले नाहीत. फोन केला तर म्हणाले, "अजून वाचून व्हायचेत, दोन्ही एकदम वाचतोय ना."

दंड लावू का?